जीटीआय, आरएस आणि मागचे ‘आर्म’: बाजारातला पार्ट घेण्याआधी काय मोजायचं?

२०२५ हे वर्ष भारतातल्या वेगवान गाड्यांच्या चाहत्यांसाठी बरं गेलं. मे महिन्यात फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय आणली. पहिल्या खेपेला फक्त १५० गाड्या, एक्स-शोरूम किंमत ५२.९९ लाख रुपये. ऑक्टोबरमध्ये स्कोडाने ऑक्टेव्हिया आरएस परत आणली. १०० गाड्या, ४९.९९ लाख. दोन्ही पूर्ण तयार अवस्थेत आयात केलेल्या. मधल्या काळात, २२ सप्टेंबरपासून, वाहनांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी सरसकट १८ टक्के झाला. आधी त्यातले बरेच भाग २८ टक्क्यांत होते.

आता अडीचशे गाड्यांनी आपल्याला काय फरक पडतो, असं कुणीही विचारेल. फरक असा की या गाड्यांचा सांगाडा ज्या कुटुंबातला आहे, त्याच कुटुंबातल्या जुन्या ऑक्टेव्हिया आरएस आपल्या रस्त्यांवर आहेत आणि सेकंडहँड बाजारात फिरतायत. २०२० मध्ये आलेल्या आरएस २४५ च्याच २०० गाड्या होत्या. या गाड्या आता दुसऱ्या, तिसऱ्या मालकाकडे जातायत. हा मालक बहुतेकदा पंचविशी-तिशीतला असतो, आणि गाडी घेतल्यावर पहिल्या महिन्यात तो ‘लोअरिंग स्प्रिंग’ शोधतो. दुसऱ्या महिन्यात त्याला कुणीतरी सांगतं, “आता मागचे अ‍ॅडजस्टेबल आर्म टाक.”

माझ्या फीडमध्ये अशी रील रोज येतात. लाल, निळे, सोनेरी रंगाचे चकचकीत आर्म, टेबलावर ओळीने मांडलेले. ते काय करतात, ते सहसा कुणी सांगत नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, इंजिनिअरिंगची डिग्री आहे, आणि गाड्यांचा नाद कॉलेजपासूनचा. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो: मागचा कंट्रोल आर्म ही दाखवायची वस्तू नाही. तो बदलणं म्हणजे गाडीची भूमिती बदलणं, आणि नव्या गाड्यांमध्ये तर गाडीच्या रडारची दिशाही त्याच भूमितीवर अवलंबून असते. म्हणून आधी मोजा, मग घ्या.

आधी हे बघा: तुमच्या गाडीत हे आर्म आहेत का?

आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक आणि सेडानमध्ये मागे ‘ट्विस्ट बीम’ असतो. म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी एकच पोलादी तुळई. पोलो जीटी, व्हर्टस, स्लाव्हिया, आय२० एन लाइन, स्विफ्ट या सगळ्या त्यातल्या. यांच्यात वेगळा कंट्रोल आर्म नसतोच, त्यामुळे “पोलोसाठी रिअर कॅम्बर आर्म” अशी जाहिरात दिसली तर विक्रेत्याला तरी गाडी माहीत आहे का, हा प्रश्न पडायला हवा.

जीटीआय, ऑक्टेव्हिया आरएस, बीएमडब्ल्यू एम३४०आय अशा गाड्यांत मागे ‘मल्टिलिंक’ असतं. फोक्सवॅगन कुटुंबात प्रत्येक मागच्या चाकाला चार दांडे धरतात. एक मागे-पुढे धरणारा ट्रेलिंग आर्म, एक वरचा आडवा आर्म, एक खालचा जाड आडवा आर्म आणि एक बारीक टो लिंक. प्रत्येकाचं काम वेगळं असल्यामुळे “चारही बदल” हा सल्ला जवळपास कधीच बरोबर नसतो.

दोन कोन, आणि त्यांचा हिशोब

चाक समोरून किंवा मागून बघितलं तर उभं आहे की आत झुकलंय, तो कोन म्हणजे कॅम्बर. वरचा भाग आत झुकला की ऋण कॅम्बर. चाक वरून बघितलं तर सरळ पुढे बघतंय की आत-बाहेर, तो कोन म्हणजे टो.

गाडी खाली बसवली की मागची चाकं आपोआप आत झुकतात. वळणावर गाडी कलते तेव्हा थोडा ऋण कॅम्बर उपयोगी पडतो, म्हणून कंपनीच्या सेटिंगमध्येच तो थोडा असतो. जास्त झाला तर टायरची आतली कड आधी झिजते. तरीही टायर खाण्यात कॅम्बरपेक्षा टो जास्त वाईट आहे, आणि हे रीलमध्ये कधीच येत नाही.

साधं गणित करू. चाकाचा टो फक्त ०.१ अंशाने चुकला तर दर किलोमीटरला ते चाक जवळपास १.७५ मीटर आडवं घासलं जातं. अर्धा अंश चुकला तर पावणेनऊ मीटर. पुणे ते कोल्हापूर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर धरा आणि गुणाकार स्वतः करा. अर्ध्या अंशाच्या चुकीत टायर दोन किलोमीटर आडवा ओढला गेलेला असतो. म्हणून “गाडी खाली बसवल्यावर टायर आतून गेला” या तक्रारीचं मूळ अनेकदा न तपासलेल्या टोमध्ये असतं. त्यावर कॅम्बर आर्म विकत घेणं म्हणजे पोटदुखीवर चष्मा.

मोजायला खिशातला फोन पुरतो

फोनमध्ये अ‍ॅक्सेलरोमीटर असतो. स्क्रीन आडवी-उभी फिरते ती त्याच्यामुळे. गुरुत्वाकर्षण कुठल्या दिशेला आहे हे त्याला कळतं, त्यामुळे उताराचा कोन तो चांगला मोजतो. दशांश अंश दाखवणारं कुठलंही लेव्हल अ‍ॅप घ्या आणि असं करा:

१. सपाट जागा शोधा. सोसायटीचं पार्किंग सपाट दिसतं, पण पाणी वाहून जावं म्हणून त्याला उतार दिलेला असतो. दोन्ही मागच्या चाकांखालची जमीन जोडणारी लांब पट्टी ठेवून तो उतार मोजा आणि लिहून ठेवा.

२. एक सरळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेला टेकवा. टायर खाली फुगलेला असतो, त्यामुळे टायरला टेकवू नका.

३. फोन पट्टीला लावून आकडा घ्या. मग फोन उलटा करून पुन्हा घ्या. दोन्हींची सरासरी काढली की सेन्सरची स्वतःची चूक निघून जाते.

४. गाडी अर्धं चाक पुढे ढकला आणि पुन्हा मोजा. रिम वाकडी असेल तर इथे कळेल.

१८ इंची रिमवर ०.१ अंश म्हणजे वर-खाली मिळून ०.८ मिलिमीटरचा फरक. म्हणजे पट्टीखाली चिखलाचा एक कण अडकला तरी आकडा हलतो, तेव्हा आधी रिम पुसा. फोनवरून शेवटचं सेटिंग करायचं नाही, पण “माझ्या गाडीला आर्मची गरज आहे का” एवढं ठरवायला तो पुरतो. टो मात्र फोनने मोजू नका. त्यासाठी अलाइनमेंट मशीनची छापील पावती घ्या, ‘आधी’ आणि ‘नंतर’ दोन्ही आकड्यांसह.

माझ्या एका मित्राची जुनी आरएस साधारण दोन-अडीच सेंटीमीटर खाली बसवलेली होती आणि आर्मची ऑर्डर कार्टमध्ये पडून होती. आम्ही एका रविवारी फोनने मोजलं, मग मशीनवर नेली. या गाड्यांत कारखान्यातूनच एक्सेंट्रिक बोल्ट असतात. बोल्ट फिरवला की आर्मचं टोक किंचित आत-बाहेर सरकतं. तेवढ्यातच दोन्ही कोन कंपनीच्या मर्यादेत आले. कार्ट रिकामं झालं. खर्च, एक अलाइनमेंट आणि दोन कटिंग.

मशीनवर बोल्ट शेवटपर्यंत फिरवूनही कॅम्बर आत येत नाही असं दिसलं, तर मात्र अ‍ॅडजस्टेबल आर्मचं कारण खरं आहे.

कुठला आर्म बदलायचा?

इथे रिअर सस्पेन्शनमधला सगळ्यात महत्त्वाचा फरक समजून घ्या. वरचा आर्म आणि टो लिंक यांच्यावर मुख्यतः ओढ आणि दाब येतो, दांड्याच्या लांबीच्या दिशेने. खालच्या जाड आर्मचं तसं नाही. या गाड्यांत मागची स्प्रिंग त्याच आर्मवर बसते. एका मागच्या चाकावर साधारण ३०० किलोचा भार धरला, तर स्प्रिंग चाकापेक्षा आतल्या बाजूला असल्यामुळे तरफेच्या नियमाने तिच्यावरचा दाब त्याहूनही जास्त असतो. तो आर्म चोवीस तास वाकवला जातोय, अगदी गाडी पार्क केलेली असतानाही. वर खड्ड्याचा दणका वेगळा.

म्हणून माझा नियम सोपा आहे. कॅम्बर कमी-जास्त करायचाय? वरचा अ‍ॅडजस्टेबल आर्म बघा. टो मर्यादेत येत नाही? टो लिंक बघा. स्प्रिंग उचलणारा खालचा आर्म कंपनीचाच राहू द्या. तो बदलायला वजन कमी करण्याशिवाय फारसं कारण नसतं, आणि वाचलेल्या किलोभर वजनाने ताम्हिणी घाटात तुम्ही वेगवान होणार नाही.

बुश: रबर, पॉलियुरेथेन की बेअरिंग?

आर्मच्या टोकाला जो सांधा असतो, त्यावर गाडीचा स्वभाव ठरतो. तीन प्रकार मिळतात.

रबर बुश आवाज आणि कंप गिळतो, देखभाल मागत नाही. पण तो धातूला चिकटवलेला असतो आणि पिळला जाऊनच हलतो. त्यामुळे बसवताना गाडी जॅकवर लटकलेली असताना बोल्ट पूर्ण आवळला, तर गाडी खाली येताच बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. बोल्ट शेवटी आवळायचा तो चाक चालवण्याच्या उंचीवर असताना. बसवणाऱ्याला हे एकच विचारा. उत्तरावरून पुढचं सगळं कळेल.

पॉलियुरेथेन जास्त कडक. स्टीअरिंगला उत्तर लवकर मिळतं, पण ग्रीस सुकलं की कुरकुर सुरू. सुपरप्रो आणि व्हाइटलाइन या ऑस्ट्रेलियन कंपन्या यासाठी ओळखल्या जातात.

गोलाकार बेअरिंग, ज्याला गॅरेजमध्ये ‘रोझ जॉइंट’ किंवा ‘पिलोबॉल’ म्हणतात, त्यात ढिलाई जवळपास शून्य. कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर मस्त. आपल्या पावसाळ्यात मात्र चिखल, धूळ आणि कोकणपट्टीत खारी हवा आत गेली की ते खडखडायला लागतं. रबरी बूट नसलेलं बेअरिंग रोजच्या गाडीत घालू नका. तैवानची हार्डरेस एकाच आर्मचे कडक रबर आणि पिलोबॉल असे दोन पर्याय देते. रस्त्यावर चालवणाऱ्याने त्यातला रबरचा घ्यावा, असं माझं मत.

धातू आणि आटे

पोलाद की अ‍ॅल्युमिनियम यावर लोक भांडतात. दोन्हींचे चांगले आर्म बनतात. फरक असा की पोलादाला एका मर्यादेच्या खालचा ताण कितीही वेळा दिला तरी ते सहसा थकत नाही. अ‍ॅल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. लहान ताणही लाखो वेळा दिला तर तडा जाऊ शकतो, म्हणून चांगला अ‍ॅल्युमिनियम आर्म जाड आणि फोर्ज केलेला असतो. स्वस्त नकलेत आकार तोच आणि आतला धातू कुठला, ते रंगाखाली दिसत नाही.

अ‍ॅडजस्टेबल आर्मचा नाजूक भाग म्हणजे आटे. समजा वरच्या आणि खालच्या सांध्यात २०० मिलिमीटर अंतर आहे. मग कॅम्बर एक अंश बदलायला वरच्या आर्मची लांबी फक्त साडेतीन मिलिमीटर बदलावी लागते. आटे दीड मिलिमीटरचे आणि दोन्ही टोकांना उलटसुलट असतील, तर मधला भाग एकदा पूर्ण फिरवला की लांबी तीन मिलिमीटर बदलते. म्हणजे लॉकनट सैल होऊन दांडा एक फेरा फिरला तर जवळपास एक अंश गेला. घेताना बघा: लॉकनट आहे का, किती जोराने आवळायचा ते लिहिलंय का, आणि कमीत कमी किती आटे आत राहायला हवेत याची खूण आहे का. बसवल्यावर नटावर पांढऱ्या पेंटची रेघ मारा. रेघ तुटली की काहीतरी हललंय.

कारखान्याचा आर्मही तुटू शकतो, मग फरक काय?

२०१४ च्या ऑक्टोबरमध्ये फोक्सवॅगनने अमेरिकेत २०११ ते २०१३ च्या जेट्टा आणि २०१२-१३ च्या बीटल अशा ४ लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या. कारण होतं मागचा ट्रेलिंग आर्म. गाडीला मागून किंवा बाजूने धक्का बसून आर्म वाकला असेल आणि तो नीट तपासला गेला नसेल, तर पुढे तो अचानक तुटण्याची शक्यता होती. चीनमध्येही त्याच सुमारास सागितार आणि बीटल मिळून साधारण ५ लाख ८० हजार गाड्या परत बोलावल्या गेल्या. तिथे मालक चिडले, कारण उपाय म्हणून आर्म बदलून न देता आत धातूची पट्टी बसवून दिली जात होती.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, आर्म वाकलेला डोळ्यांना दिसतोच असं नाही. सेकंडहँड आरएस घेताना मागे अपघात झालाय का, हे इंजिनच्या आवाजाइतकंच महत्त्वाचं. दोन, तिथे नियामक होता, गाडीच्या क्रमांकांची यादी होती, मालकाला पत्र गेलं. चॅटवर ऑर्डर करून कुरिअरने आलेल्या आर्मची अशी यादी कुणाकडेच नसते. त्याच्या खेपेत दोष निघाला तर तुम्हाला कळवणार कोण?

आता माझ्या धंद्यातला मुद्दा: सॉफ्टवेअर

गाडी कुठल्या दिशेने जाते हे पुढची चाकं ठरवतात, असं वाटतं. सरळ रस्त्यावर ते मागची चाकं ठरवतात. दोन्ही मागच्या चाकांच्या टोची सरासरी दिशा म्हणजे गाडीची धावरेषा. मागचा एक आर्म चुकीच्या लांबीचा असेल तर गाडी खेकड्यासारखी किंचित तिरकी चालते, आणि सरळ जायला स्टीअरिंग वाकडं धरावं लागतं.

गोल्फ जीटीआयसारख्या गाडीत अडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल आणि लेन असिस्ट आहे. रडार समोर बघतं, पण ‘समोर’ म्हणजे कुठे? अनेक कंपन्या रडारची दिशा याच धावरेषेशी जुळवतात. धावरेषा एक अंशाने हलली आणि रडार पुन्हा जुळवलं नाही, तर १०० मीटर पुढे रडारची नजर १.७५ मीटर बाजूला असते. आपल्याकडे महामार्गाची एक लेन साडेतीन मीटरची. म्हणजे बरोब्बर अर्धी लेन. तुमच्या लेनमधला ट्रक शेजारचा वाटू शकतो, आणि शेजारचा तुमच्या लेनमधला. एक अंश ही मोठी चूक आहे, मान्य. पण मी दिवसभर ज्या प्रकारचं काम करतो त्यातला पहिला धडा हाच: इनपुट चुकलं तर सॉफ्टवेअर कितीही हुशार असो, ते चुकीचा निर्णय पूर्ण आत्मविश्वासाने घेतं.

म्हणून नव्या गाडीत मागचा टो बदलला की स्टीअरिंग कोनाचा सेन्सर आणि रडारचं कॅलिब्रेशन तपासून घ्या. ज्या गाड्यांत हेडलाइट आपोआप वर-खाली होतात, तिथे गाडीची उंची मोजणारा सेन्सर मागच्या आर्मला जोडलेला असू शकतो. नव्या आर्मवर त्याची जागा आहे का बघा. नाहीतर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत तुमचा प्रकाश जाईल.

कायदा आणि विमा

मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२ए नुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सरकारने अधिसूचित केलेला सुरक्षेचा महत्त्वाचा भाग निकष न पाळता विकणाऱ्याला मात्र एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक भागामागे एक लाख रुपये दंड.

आर्म बदलल्याने आरसीवरचा रंग, इंजिन, आसनं यातलं काही बदलत नाही. कलम ५२ मध्ये ‘बदल’ म्हणजे गाडीच्या रचनेत केलेला, तिचं मूळ वैशिष्ट्य बदलणारा फेरफार, अशी व्याख्या आहे. आर्म त्यात मोडतो का, हा वादाचा विषय आहे. “काही होत नाही रे” म्हणणाऱ्याला ते बिलावर लिहून द्यायला सांगा. जर्मनीत बाजारातल्या अनेक पार्टसोबत मान्यतेचा कागद मिळतो. आपल्या पुण्यात एआरएआय आहे, वाहन चाचणीचं मोठं केंद्र, पण हौशी मालकासाठी पार्टला असा कागद मिळण्याची पद्धत इथे रुळलेली नाही. माझ्या मते खरी मागणी तिथे व्हायला हवी. सरसकट बंदीने लोक थांबत नाहीत, ते फक्त बिल घेणं थांबवतात, आणि मग नकली मालाला मोकळं रान मिळतं.

तोवर एवढं तरी करा: विमा कंपनीला बदल ईमेलने कळवा आणि उत्तर जपून ठेवा. वॉरंटीतली गाडी असेल तर आर्मला हात लावण्याआधी वॉरंटीची पुस्तिका वाचा.

थोडक्यात, या क्रमाने जा

१. गाडीत मल्टिलिंक आहे का, खात्री करा.
२. फोनने कॅम्बर मोजा, मशीनवर टो मोजा, पावती ठेवा.
३. कारखान्याच्या एक्सेंट्रिक बोल्टने काम होतंय का बघा. बहुतेकांचं इथेच होतं.
४. नाही झालं तर फक्त गरजेचा आर्म घ्या. स्प्रिंगचा आर्म शेवटी, शक्यतो नाहीच.
५. रोजच्या गाडीला रबर बुश. पार्ट क्रमांक, बिल आणि आवळण्याचे आकडे असतील तरच घ्या.
६. कंपनीने एकदाच वापरायला सांगितलेले बोल्ट नवे घ्या. टॉर्क रेंच नसलेल्या गॅरेजला नमस्कार करून निघा.
७. बसवल्यावर अलाइनमेंट, मग कॅलिब्रेशन. ५०० किलोमीटरनंतर नटांवरच्या पांढऱ्या रेघा तपासा.

जीएसटी कमी झाला, गाड्या आल्या, पार्टही येतील. या अडीचशे गाड्या हळूहळू दुसऱ्या मालकांकडे जातील तेव्हा त्यांच्या खाली काय बसवलेलं असेल, हे आज ज्यांच्या हातात त्या आहेत तेच ठरवणार आहेत. शंभरच्या वेगात एक्सप्रेसवेवर लेन बदलताना तुमच्या मागच्या सीटवर आई बसलेली असते. त्या क्षणी आर्मचा रंग कुठला होता, याला काही किंमत नसते. त्याच्या लॉकनटला असते.